फॉइलच्या पुढच्या बाजूचं पाणी

त्या भिंतीला गेल्या वर्षी वॉटरप्रूफ कोट मीच मारला होता. यंदा बोलावणं आलं, कपाट सरकवलं, आणि मागे पुन्हा तेच: कोपऱ्यापासून छातीच्या उंचीपर्यंत काळे ठिपके आणि कुबट वास. भिंतीपलीकडे नहाणी नाही, वर टाकी नाही. तरी गेल्या वर्षी मी ‘बाहेरून पाणी येतंय’ म्हणून मोकळा झालो होतो.

ओल मोजायच्या मीटरचा आकडा चढाच होता. पण पिनांचा मीटर दोन टोकांमधून वीज किती वाहते तेवढंच सांगतो. भिंतीत क्षार असले, तरी आकडा चढतो. आमच्या धंद्यात हा आकडा दाखवून लोकांच्या धडधाकट भिंती फोडल्या जातात, याची मला चीड येते.

या वेळी घाई केली नाही. भिंत पुसून कोरडी केली, वीतभर फॉइल चारही बाजूंनी टेपने चिकटवलं आणि कपाट होतं तिथे लावलं. ओल भिंतीतून येत असेल तर पाणी फॉइलच्या मागे धरतं, हवेतून येत असेल तर पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. फॉइलवर बारीक थेंब, आणि मागची भिंत कोरडी. खोलीत २२ अंश, आर्द्रता ७५ टक्के. अशा हवेतलं पाणी साधारण १७ अंशांना सुटू लागतं. भिंत होती १६ वर.

मग चौकशी केली. थंडी म्हणून खिडक्या बंद, ओले कपडे दोरीवर खोलीतच, आणि बाहेरच्या भिंतीला कपाट खेटून. मागे हवा फिरायलाच जागा नव्हती.

मास्क लावून, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्यानेच बुरशी पुसली. कोरडी घासली असती तर तिची बीजं घरभर उडाली असती. पोपडे धरलेला माझाच कोट खरवडून काढला, कपाट आतल्या भिंतीला हलवलं, कपडे बाहेर काढायला सांगितले. भिंत पुरती सुकल्याशिवाय रंग लावणार नाही, हेही बजावलं.

निघताना वहिनी म्हणाल्या, “भाऊ, मी तेव्हाच म्हटलं होतं, पावसाळ्यात नाही, थंडीतच वाढतं हे.”

म्हटलं होतं खरं. शिडीवर उभा राहून मी “हो हो” म्हणालो होतो आणि ब्रश फिरवत राहिलो होतो. या कामाचे पैसे मी घेतले नाहीत.