सैफवरच्या चार आकड्यांनी खाल्लेले आठ दिवस

जुन्या तलवारीची मूठ ओळखायला पाच मिनिटं पुरली. वरचं टोक काटकोनात बोटांकडे वळलेलं, वर चांदीचा पत्रा, एकधारी बाकदार पातं: अरबी सैफ. ओमानची सरळ, दुधारी कत्तारा असती तर मुठीखाली आडवी पट्टीच नसती. पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजेत अरब शिपाई होते, त्यामुळे दख्खनमध्ये अशी तलवार सापडण्यात नवल नाही.

अडलं ते सनापाशी. मुठीपासून चार बोटांवर कोरलेले चार आकडे मला सरळ १२०० दिसले आणि पुढचं सगळं गणित त्यावर केलं! अरबी आकड्यांत पोकळ गोल म्हणजे शून्य नव्हे, पाच. शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणजे हिजरी सन १२५५. हिजरी वर्ष चांद्र, आपल्या सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे. १२५५ म्हणजे इ.स. १८३९-४०. मी धरून बसलो होतो १७८५-८६. आणखी एक खोच: सात आणि आठ हे एकमेकांचे उलटे, वर उघडा तो सात, खाली उघडा तो आठ. तलवार उलटी धरली की सन बदलतो. लिपी उजवीकडून वाचतात, पण आकडे डावीकडूनच, म्हणून एक हजाराचा एक डावीकडे येईल अशीच धरा. गंजाचा खड्डाही शून्य असल्याचं सोंग आणतो. कोरलेल्या ठिपक्याच्या कडा भिंगाखाली स्वच्छ दिसतात, गंजाच्या कुरतडलेल्या.

बरं, सन कळला म्हणजे पात्याचं वय कळलं असंही नाही. जुन्या पात्यावर नंतर कोरतात. समोरासमोर दोन दातेरी चंद्रकोरी असतील तर ती मूळची इटालियन खूण, पण तिची नक्कल युरोपात, कॉकेशसमध्ये आणि आपल्याकडेही झाली. ‘असदुल्लाह’ हे इराणमधल्या इस्फहानच्या नामांकित कारागिराचं नाव, ते पुढे कित्येक पात्यांवर नुसतं भाव वाढवायला घातलं गेलं. चौकोनात चार अक्षरं असतील तर बहुधा ‘बदूह’, म्हणजे अक्षरांची अंकांतली किंमत धरून २, ४, ६, ८ चा ताईत. त्यात सन शोधू नका.

हे आधी सांगायला हवं होतं: चिंच-लिंबू लावू नका, उथळ कोरीवकाम जातं. आकडे वाचायला खोली अंधारी करून टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा, मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल घासा.