बुबुळाची किंमत

माझ्या टेबलावर सहा इंचांचा एक वीर उभा आहे, म्हणजे चित्रपटातल्या नायकाची प्लॅस्टिकची ॲक्शन फिगर. पोशाखावरच्या शिवणी, पट्ट्याचे बक्कल, कपाळावरची आठी, सारे त्या नटाशी तंतोतंत जुळणारे आहे; फक्त त्याचे डावे बुबुळ आपल्या जागेवरून नाकाच्या दिशेने किंचित, फार तर अर्धा मिलिमीटर, सरकलेले आहे. तेवढ्याने त्याच्या साऱ्या पराक्रमावर पाणी पडले आहे. पडद्यावर जगाच्या रक्षणासाठी निघालेला हा गृहस्थ माझ्या टेबलावर मात्र चष्मा कुठे ठेवला ते आठवत उभा असल्यासारखा दिसतो.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काही फार नाही, असे मी दोन दिवस स्वतःला समजावले. तिसऱ्या दिवशी हिशेब मांडला आणि ती समजूत टिकली नाही. सहा इंची फिगर साधारणपणे एकास बारा या प्रमाणात असते. माणसाच्या बुबुळाचा व्यास १२ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे या फिगरच्या बुबुळाच्या वाट्याला जेमतेम एक मिलिमीटर जागा येते. तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे अर्धे बुबुळ भलतीकडे. जिवंत माणसाचा डोळा सहा मिलिमीटर सरकला तर आपण त्याला तातडीने डॉक्टरकडे नेऊ. याला मात्र मी पैसे मोजून घरी आणले होते.

हे पैसे नेमके कशाचे, हा प्रश्न मग पिच्छा सोडीना. फिगर हातात घेतली की पहिला विचार प्लॅस्टिकचा येतो आणि तोच सर्वांत निरुपयोगी असतो, कारण मूठभर पीव्हीसी आणि एबीएसची किंमत एकूण हिशेबात फारशी जाणवत नाही. मोठा खर्च पोलादी साच्यांचा असतो. डोके, धड, दंड, मनगट, पोटरी असा प्रत्येक सुटा भाग वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून काढतात, आणि सांधे जितके अधिक तितके हे भाग अधिक. त्यात चित्रपटाच्या मालकांना द्यायचा परवान्याचा वाटा, नटाच्या चेहऱ्याला मिळवायची मान्यता, खोके, जहाजभाडे. पण साच्याच्या आणि रंगाच्या खर्चात एक मूळचा फरक आहे, आणि माझ्या वीराच्या तिरळेपणाचे कारण त्यातच दडलेले आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. साचा एकदा तयार झाला की त्याचा खर्च हजारो नगांवर वाटला जातो. शिवाय तेच धड पुढच्या वर्षी नवे डोके बसवून, वेगळ्या रंगात, दुसराच कोणी म्हणून खपवता येते. रंगाला ही सोय नाही. रंगाचा प्रत्येक ठिपका प्रत्येक नगावर नव्याने द्यावा लागतो, दर वेळी कोणाचा तरी हात आणि कोणाचा तरी वेळ खर्ची पडतो, आणि दहा हजाराव्या नगावरही तो पहिल्या नगाइतकाच महाग पडतो. म्हणून किंमत आवाक्यात ठेवण्याची वेळ आली की कात्री लागते ती बहुधा रंगालाच.

एकदा हे ध्यानात आले की ती कात्री कुठे फिरली आहे हे दिसू लागते, आणि दिसू लागले की मग दुसरे काही दिसत नाही. खांद्यावरून जाणारा पट्टा छातीवर तपकिरी असतो आणि पाठीवर पोहोचताच अंगरख्याच्या रंगाचा होऊन जातो, जणू पाठीपर्यंत पोहोचता पोहोचताच डबी रिकामी झाली. बुटांना रंग नसतो, बूटच तपकिरी प्लॅस्टिकचे ओतलेले असतात. याच युक्तीने चेहराही त्वचेच्या रंगाच्या प्लॅस्टिकचा करतात, त्यावर रंगाचा थर देत नाहीत, आणि मग प्रकाश पृष्ठभागावर न थांबता थोडा आत शिरल्यामुळे चेहऱ्याला मेणाची झाक येते. सुरकुत्यांत गडद पातळ रंग सोडून वरचा पुसून घेतला की त्याला वॉश म्हणतात. जवळपास कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवरून फिकट रंग फिरवला की तो ड्राय ब्रश. या दोन साध्या हातांनी कापड कापडासारखे आणि लोखंड लोखंडासारखे दिसू लागते. स्वस्त फिगरमध्ये हे दोन्ही हात गाळलेले असतात, तरीही कोरीवकाम मात्र महागड्या फिगरच्या तोडीचे असू शकते, कारण त्याचा खर्च साच्यातच वसूल झालेला असतो.

डोळ्यांचे प्रकरण आणखी नाजूक आहे. पोशाखाचे मोठे भाग रंगवताना धातूचा आच्छादक बसवून उघड्या भागावर रंग फवारतात. आच्छादक नीट बसला नाही किंवा त्याच्या कडांवर रंग साचला की कॉलर मानेवर सांडते. डोळ्यांसाठी पॅड प्रिंटिंग वापरत आले आहेत. कोरलेल्या पत्र्यावरची शाई सिलिकॉनच्या मऊ बोंडाने उचलायची आणि गोलसर पृष्ठभागावर दाबून उमटवायची. आधी पांढरे, मग बुबुळाचा रंग, मग बाहुलीचा काळा ठिपका, मग भुवई. प्रत्येक वेळी डोके त्याच जागी, त्याच कोनात धरलेले असायला हवे. चारांपैकी एका दाबाला ते केसभर हलले की माझ्या टेबलावर येऊन उभे राहते. गेल्या काही वर्षांत चेहऱ्याचे छायाचित्रच डोक्यावर छापण्याचे तंत्र रूढ झाले, आणि त्याने चेहऱ्यांत प्राण आला हे मान्य केले पाहिजे. पण भिंगातून पाहिले तर गाल लहान लहान ठिपक्यांचे दिसतात, आणि छपाई घसरली तर ओठांचा रंग कोरलेल्या ओठांच्या खाली उतरतो, म्हणजे माणसाला दोन तोंडे होतात. एकास सहा प्रमाणातल्या, फूटभर उंचीच्या फिगरमध्ये प्रसिद्ध असलेल्या हाँगकाँगच्या हॉट टॉइजने तर काही फिगरना खोबणीत फिरणारे सुटे नेत्रगोलच दिले आणि दोन्ही डोळे बरोबरीने वळतील अशी रचना केली. तिथे किंमत कितीतरी पटींनी चढते, आणि तिच्यात हाताने रंगवलेल्या डोक्याचाही वाटा असतो. हात थरथरला तर त्याचेही मोल मोजावे लागते, हा भाग वेगळा.

खरे तर या वस्तूंकडून इतकी अपेक्षा सुरुवातीपासून नव्हती. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने १९६४ मध्ये जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला तेव्हा मुलगे बाहुलीला हात लावणार नाहीत या धास्तीने त्याला ‘ॲक्शन फिगर’ म्हटले. बारशाचा खर्च एवढाच. पुढे स्टार वॉर्सच्या फिगर १९७८ मध्ये केनर कंपनीने काढल्या, त्या पावणेचार इंची होत्या आणि त्यांचे डोळे म्हणजे रंगाचे ठिपके होते. आज त्यांच्याकडे पाहताना कोणाला राग येत नाही. चेहराच ढोबळ होता, म्हणून ढोबळ डोळा त्यावर शोभून गेला. कोरीवकाम जसजसे नटाच्या जवळ गेले तसतशी रंगाला मिळणारी क्षमा आटत गेली. नाकपुडीची कड जिथे अचूक आहे तिथे डोळ्याने चुकणे अक्षम्य ठरते.

जुन्या बाजाराचा न्याय मात्र निराळाच आहे. त्याच १९७८ च्या मालिकेतील जावा नावाच्या पात्राला आधी व्हिनाइलचा झगा होता. तो फारच स्वस्त दिसतो म्हणून लगेच कापडाचा झगा आला. आता त्या स्वस्त दिसणाऱ्या झग्यालाच संग्राहक भरमसाट पैसे मोजतात. आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या चिंतेमुळे कधीच विक्रीला न आलेल्या, क्षेपणास्त्र सोडणाऱ्या बोबा फेट या स्टार वॉर्सच्याच पात्राच्या फिगरचा हाताने रंगवलेला एक नमुना २०२४ मध्ये लिलावात ५,२५,००० डॉलरना गेला. नाकाचे टोक आणि केसांची कड झिजलेली जुनी फिगर मात्र कोणी विचारत नाही, कारण झिजलेला रंग म्हणजे कोणीतरी तिच्याशी मनसोक्त खेळल्याचा पुरावा असतो.

जाणकार मंडळी दुकानात सहा-सात खोकी एका रांगेत लावतात, चेहरे तपासतात आणि त्यातला शहाणा दिसणारा घरी आणतात. खोक्याला खिडकी असली तरच हे जमते. २०२२ च्या सुमारास हॅस्ब्रोने प्लॅस्टिक कमी करण्यासाठी सहा इंची फिगरच्या खोक्यांवरून खिडक्या काढल्या आणि पुढे त्या परतही आणल्या; मधल्या काळात चेहरा पाहून निवडण्याची ही सोय राहिली नाही. माझ्या वीराचे खोके बंद होते. त्यावर त्याचे छायाचित्र होते, पण असे छायाचित्र बहुधा काळजीपूर्वक हाताने रंगवलेल्या नमुन्याचे असते. कारखान्यातल्या भावंडांशी त्याची तुलना करणे म्हणजे लग्नाच्या फोटोवरून सोमवारची सकाळ ओळखण्यासारखे आहे.

शेवटी मी ते बुबुळ स्वतःच दुरुस्त करायचे ठरवले. ॲक्रिलिकचा काळा आणि तपकिरी रंग, सर्वांत बारीक कुंचला, दिवा आणि भिंग असा सरंजाम मांडला. नेलपॉलिश काढायचे द्रावण वापरायचे नाही एवढे शहाणपण होते, कारण त्याने रंगाबरोबर गालही विरघळला असता. लाकडी काडी टोकदार करून जुना ठिपका हलकेच खरवडला, श्वास रोखला आणि नवा ठेवला. तो बरोबर जागी पडला. मात्र आता उजवे बुबुळ डाव्यापेक्षा लहान दिसू लागले, म्हणून तेही वाढवले, मग डावे पुन्हा. अर्ध्या तासात वीराच्या चेहऱ्यावर भुताने दर्शन दिल्याचे भाव उमटले. ओल्या कापसाने सगळे पुसले. रंग ओला होता म्हणून तो निघाला आणि खालचा खरवडलेला, पांढुरका डाग तेवढा उरला.

मग मी त्याच्या मानेतला गोळ्याचा सांधा हळूच फिरवला आणि चेहरा थोडा डावीकडे वळवला. डावा डोळा नाकाच्या आड गेला, दिव्याची सावली त्यावर पडली, आणि तो क्षितिजाकडे पाहणारा, विचारात बुडालेला माणूस दिसू लागला. समाधानाने मी खोके आवरायला घेतले. खोक्यावरच्या छायाचित्रातही त्याची मान नेमकी तेवढीच वळलेली होती.