तार तुटली तरी काटा चालला पाहिजे

विहिरीवरची मोटर घरबसल्या मोबाईलवरून चालू करता येते, हे मराठवाड्यात आता कुणाला शिकवावं लागत नाही. पण स्टार्टर ओढला म्हणजे पाणी पडलंच असं नाही, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. फेज गेलेला असतो, फूट व्हॉल्व्ह गळत असतो, नाहीतर बोअरच कोरडं असतं. दूरच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम स्क्रिप्टने चालू करणं याच जातीचं काम आहे. चालू करायला एक ओळ पुरते. तो कुणाच्या नावावर चालतोय, आपण फोन ठेवल्यावरही चालत राहतो का आणि चुकून दोनदा तर चालू झाला नाही ना, मेख इथे आहे.

उदाहरण डोळ्यासमोर असू द्या. लातूरच्या एखाद्या दाल मिलचं गेट, तिथे वजनकाटा. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरियल केबलने येणारं वजन वाचून नोंदवणारा प्रोग्राम गेटवरच्या लिनक्स कॉम्प्युटरवर आहे आणि तो चालू करायचाय गावातल्या ऑफिसातून. प्रोग्रामचं नाव धरू ‘काटा’. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरायची, मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलंय.

आधी वाट. साधन एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे कमांड चालवणारा प्रोग्राम, पोर्ट २२. अडचण अशी की बऱ्याच ब्रॉडबँड आणि मोबाईल डोंगलच्या जोडण्यांवर आपल्याला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता, मिळेलच असं नसतं. एकाच पत्त्यामागे कंपनी शेकडो ग्राहक बसवते. अशा वेळी राउटरवर पोर्ट कितीही उघडा, बाहेरून आत येता येत नाही. मग गेटवरच्या मशीननेच बाहेर हात द्यायचा. वायरगार्ड (खाजगी वाट टाकणारा व्हीपीएन प्रोग्राम) टाकून दोन्ही बाजू एका भाड्याच्या सर्व्हरला जोडायच्या आणि गेटच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवायचं. तेवढं नसेल तर रिकामी बसलेली वाट राउटर विसरून जातो.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहायचा नाही. एसएसएच-कीजेनने ईडी२५५१९ जातीची की बनवा (खाजगी आणि पब्लिक अशी जोडी तयार होते), पब्लिक की गेटवरच्या ‘ऑथराइझ्ड कीज’ फाइलमध्ये टाका. डॉट-एसएसएच फोल्डरची परवानगी ७००, फाइलची ६००. घरच्या फोल्डरवर दुसऱ्यांना लिहायची परवानगी राहिली असेल तर सर्व्हर की नाकारतो आणि मुकाट्याने पासवर्ड मागत बसतो. तासन्‌तास खाणारी चूक ही. शिवाय त्या फाइलमध्ये कीच्या आधी ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ‘कमांड=’ लिहून ही की फक्त काटा चालू करण्यापुरती बांधून टाकता येते. ऑफिसातला लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराच्या हाती काटा चालू करण्यापलीकडे काही लागत नाही.

आता खरी कमांड. गेटवरच्या मशीनचं नाव धरू ‘गेट’. नवखा माणूस लिहितो:

एसएसएच गेट ‘/ऑप्ट/काटा/काटा &’

प्रोग्राम चालू होतो, पण स्क्रिप्ट तिथेच अडकते. शेवटी ‘&’ लावूनही का? प्रोग्रामचं आउटपुट अजून एसएसएचच्या नळीला जोडलेलं असतं. नळीचं तोंड कुणीतरी धरून बसलंय तोवर पलीकडचा सर्व्हर कनेक्शन सोडत नाही. मग कुणीतरी सांगतं, नोहप (कनेक्शन तुटलं तरी प्रोग्राम मरू न देणारी कमांड) लाव. तोही एकट्याने पुरत नाही. नोहप आउटपुट फाइलकडे वळवतो ते समोर टर्मिनल असेल तरच. स्क्रिप्टमधून दिलेल्या एसएसएच कमांडला टर्मिनल मिळतच नाही, म्हणून ‘नोहप.आउट’ तयार होत नाही आणि नळी होती तशीच राहते. तिन्ही तोंडं आपणच बंद करायची:

एसएसएच गेट ‘नोहप /ऑप्ट/काटा/काटा > /टीएमपी/काटा.लॉग २>&१ < /डेव्ह/नल &’

यातलं ‘२>&१’ विसरलं तर चुकांचे संदेश जाणारी दुसरी नळी उघडी राहते आणि पुन्हा तेच रडगाणं.

कोट्सचं एक ध्यानात ठेवा. कमांड दुहेरी अवतरणात लिहिली तर डॉलरची चिन्हं आपल्याच मशीनवर उलगडतात. डॉलर-होम (होम मोठ्या अक्षरांत) लिहिलंत की ऑफिसातल्या माणसाचा घरपत्ता गेटवर जातो. एकेरी अवतरणात लिहिलं की जे उलगडायचं ते तिकडे उलगडतं. कमांड तीन ओळींच्या पुढे गेली की अवतरणांशी झुंजण्यात अर्थ नाही. स्क्रिप्ट फाइल गेटवरच ठेवा आणि फक्त तिचं नाव घ्या. ती फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून पाठवली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर जास्तीचं असतं आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ असा गोंधळात टाकणारा संदेश येतो. डॉस-टू-युनिक्सने एकदा पुसून घ्या.

“हाताने चालवलं की चालतं, स्क्रिप्टमधून ‘कमांड नॉट फाउंड’.” ही तक्रार सगळ्यात जुनी. लॉगिन करून बसलो की प्रोफाइल (शेलची सेटिंग फाइल) वाचली जाते, स्क्रिप्टमधून गेलो की नाही. उबुंटूच्या बॅशआरसी या दुसऱ्या सेटिंग फाइलमध्ये तर अगदी वरच ‘समोर माणूस नसेल तर इथूनच परत’ अशा अर्थाच्या ओळी असतात. त्यांच्या खाली तुम्ही पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) कितीही सजवा, तिथवर कुणी पोचतच नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहा, पहिल्या स्लॅशपासून.

स्क्रिप्टमधल्या प्रत्येक एसएसएचला दोन ऑप्शन हवेतच: ‘बॅचमोड=येस’, म्हणजे की चालली नाही तर पासवर्डची वाट पाहत न बसता लगेच नापास होईल; आणि ‘कनेक्टटाइमआउट=५’, म्हणजे गेटवरची लाईट गेली असेल तर पाच सेकंदांत कळेल. नापासाचे आकडे वाचायला शिका. २५५ आलं तर बहुतेक वेळा एसएसएचच पोचला नाही, प्रोग्रामला दोष देऊ नका. १२७ म्हणजे प्रोग्राम सापडला नाही, १२६ म्हणजे सापडला पण चालवायची परवानगी नाही. १३७ म्हणजे कुणीतरी नऊ नंबरचा सिग्नल देऊन मारला, आणि दोन जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर तो ‘कुणीतरी’ बहुधा मेमरी संपलेला कर्नल (लिनक्सचा गाभा) असतो. पण प्रोग्राम मागे टाकून आलो असू तर येणारं शून्य म्हणजे फक्त ‘निरोप पोचला’. दोन सेकंद थांबून प्रोग्राम खरंच जिवंत आहे का ते वेगळं विचारावं लागतं.

आणि तिथे पुढचा खड्डा. पीग्रेप ही चालू प्रोग्राम नावाने शोधणारी कमांड. ‘पीग्रेप -एफ काटा’ असं एसएसएचमधून विचारलं की उत्तर बऱ्याचदा होकारार्थी येतं, प्रोग्राम मेलेला असला तरी! कारण तुमचा प्रश्न घेऊन तिकडे उभ्या राहिलेल्या शेलच्या कमांडमध्येही ‘काटा’ हा शब्द असतो आणि पीग्रेप त्यालाच पकडतो. पहिलं अक्षर चौकटी कंसात टाका, ‘[का]टा’. असं लिहिलेली ओळ स्वतःशी जुळत नाही, खऱ्या प्रोग्रामशी जुळते.

दोनदा चालू होणं हा काट्याच्या बाबतीत चेष्टेचा विषय नाही. दोन प्रोग्राम एकाच सिरियल पोर्टवर बसले की येणारे आकडे दोघांत वाटले जातात. अर्धं वजन याच्या वहीत, अर्धं त्याच्या. तुरीच्या ट्रकचं वजन चुकलं की व्यापारी आणि शेतकरी दोघंही दारात. पीआयडी फाइल (चालू प्रोग्रामचा प्रोसेस नंबर लिहिलेली) ठेवून तपासायची पद्धत लाईट जाणाऱ्या गावात टिकत नाही, कारण मशीन अचानक बंद पडलं की फाइल मागे राहते आणि पुढच्या वेळी प्रोग्राम ‘मी तर चालूच आहे’ म्हणून सुरू व्हायलाच नकार देतो. त्यापेक्षा ‘एफलॉक -एन’ वापरा. हे कुलूप प्रोग्राम मेला की आपोआप सुटतं.

इतकं सगळं सांगितलं खरं, पण रोज चालणाऱ्या प्रोग्रामला नोहप हा तात्पुरता बंदोबस्तच. काट्यासारख्या कामाला सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिसेस चालू-बंद करणारा प्रोग्राम) सर्व्हिस लिहा आणि दुरून फक्त ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट काटा’ म्हणा. प्रोग्राम मग आपल्या कनेक्शनचं लेकरू राहत नाही, मशीनचं होतं. एकाच नावाची सर्व्हिस दोनदा चालू होत नाही, लॉग जर्नलमध्ये मिळतो, लाईट येऊन मशीन उठलं की ‘इनेबल’ केलेली सर्व्हिस आपोआप उठते. ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ (पहिला आर मोठा) जरूर लावा, पण सोबत ‘रीस्टार्टसेक=५’ (पहिला आर आणि ‘सेक’चा एस मोठा) लिहा. नाहीतर इंडिकेटरची केबल निघालेली असताना प्रोग्राम क्षणात पाच वेळा पडतो-उठतो, आणि दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाले की सिस्टिमडी हात टेकतो. नंतर केबल लावली तरी तो उठवत नाही. हाताने पुन्हा स्टार्ट करावं लागतं, आणि लगेच करताना ही मर्यादा आडवी आली तर आधी ‘रीसेट-फेल्ड’ द्यावं लागतं. सुडोचा (मालकाच्या अधिकाराने कमांड चालवणारी कमांड) पासवर्ड आडवा येतो म्हणून सगळंच मोकळं सोडू नका. व्हीआयसुडो उघडून त्या एका यूजरला त्या एकाच स्टार्ट कमांडपुरती पासवर्डविना सूट द्या, पूर्ण पत्त्यासह. यूजरच्या नावावरची सर्व्हिस असेल तर ‘लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर’ विसरू नका, नाहीतर तो यूजर बाहेर पडला की त्याची सर्व्हिसही आवरली जाते.

क्लासची लॅब असेल, तीस मशीन असतील, तर नावांची फाइल करून व्हाइल-रीड लूप लावतात. लूप पहिल्या मशीनवर चालतो आणि संपतो. ना चूक, ना संदेश. झालेलं असतं असं की पहिल्या एसएसएचने इनपुट म्हणून यादीतली उरलेली एकोणतीस नावं गिळलेली असतात. एसएसएचला छोटा ‘-एन’ द्या, तो इनपुटचं तोंड बंद करतो. मोठ्या अक्षरातला एन वेगळा, तो कमांडच चालवत नाही, नुसतं कनेक्शन उघडं ठेवतो. गल्लत करू नका. तीस मशीनना एकाच क्षणी हाक मारणंही बरं नाही. लाईट आल्याबरोबर शिवारातले सगळे ऑटो स्विच एकदम ओढले की डीपीचं काय होतं ते आपण पाहतोच, महावितरण ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवा म्हणून कानीकपाळी ओरडतं ते उगाच नाही. सगळी मशीन एकाच शेअरमधून प्रोग्राम उचलत असतील तर तो बिचारा सर्व्हर म्हणजे तीच डीपी. एक्सआर्ग्जला (यादीतल्या नावांवर कमांड चालवणारी कमांड) छोटा ‘-एन १’ आणि मोठ्या अक्षरातला ‘-पी ५’ देऊन एका वेळी पाचच सोडा.

मशीन बंदच असेल तर वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून पाकीट पाठवून मशीन जागं करणं. १०२ बाइटचं पाकीट असतं, सहा वेळा एफएफ आणि मग मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) सोळा वेळा. ते राउटर ओलांडत नाही, म्हणून आधी आतल्या एखाद्या कायम चालू मशीनवर जा आणि तिथून सोडा. लाईट पूर्ण जाऊन आली की काही नेटवर्क कार्ड हे पाकीट ऐकतच नाहीत. बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर चालू हो’ ही सोय असते, गेटवरच्या मशीनला ती लावून ठेवणं जास्त भरवशाचं.

गेटवर विंडोज असेल तर दुखणं बदलतं. तिथली नेहमीची तक्रार अशी: प्रोग्राम टास्क मॅनेजरमध्ये दिसतो, स्क्रीनवर दिसत नाही. व्हिस्टापासून सर्व्हिसेसना शून्य नंबरचं वेगळं सेशन दिलंय आणि दुरून चालू केलेला प्रोग्राम समोर बसलेल्या माणसाच्या डेस्कटॉपवर येत नाही. पॉवरशेलच्या रिमोटिंगने (पोर्ट ५९८५) चालू केलेला प्रोग्राम तर सेशन मिटलं की बहुधा त्याच्यासोबतच जातो. पीएसएक्झेकला (विंडोजवर दुरून प्रोग्राम चालवणारं साधन) ‘-आय’ दिलं की खिडकी समोर उघडते, ‘-डी’ दिलं की तो वाट पाहत नाही. फक्त ‘-डी’सोबत परत येणारा आकडा हा प्रोग्रामचा प्रोसेस नंबर असतो, यशापयश नव्हे. शून्य आलं नाही म्हणून स्क्रिप्टने पुन्हा चालू केलं की झाले दोन.

विंडोजवर त्यातल्या त्यात नेकीचा मार्ग म्हणजे टास्क शेड्यूलर. टास्क एकदा बनवून ठेवायचं, ‘यूजर लॉगिन असेल तेव्हाच’ हा पर्याय निवडायचा आणि दुरून ‘एससीएचटास्क्स /रन’ने नुसतं ढकलायचं. पण बनवताना दोन टिकमार्क काढून टाकल्याशिवाय उठू नका. एक, ‘तीन दिवसांहून जास्त चालला तर थांबव’. हा आधीपासून लावलेलाच असतो आणि सोमवारी सकाळी चालू केलेला काटा गुरुवारी सकाळी कुणी हात न लावता बंद पडतो. दुसरा, ‘बॅटरीवर गेलं तर थांबव’. डेस्कटॉपला कुठली बॅटरी म्हणून लोक तो तसाच सोडून देतात. पण यूपीएस यूएसबी केबलने जोडलेला असेल तर विंडोज त्यालाच बॅटरी समजतं. लाईट गेली की यूपीएस मशीन सांभाळतो, स्क्रीन चालू असते, इंडिकेटरवर वजन दिसत असतं आणि फक्त काट्याचा प्रोग्राम बंद झालेला असतो.