लाल टोपण, नारिंगी टोपण

आपल्याकडे इन्सुलिनच्या अनेक कुप्या अजूनही मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, तर इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये बसणाऱ्या कार्ट्रिज सहसा १०० युनिटच्या. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी, हे परिचारिकांना पाठ असते. तरीही पेन बिघडला की कार्ट्रिजमधले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढले जाते आणि २० च्या खुणेपर्यंत भरलेल्या अर्ध्या मिलिलिटरमधून रुग्णाला थेट ५० युनिट मिळतात. उलट अदलाबदलीत, म्हणजे ४० च्या कुपीतले इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजने ओढले तर, २० चे ८ होतात. साखर उतरत नाही म्हणून डोस वाढवला जातो आणि पुढे योग्य सिरिंज हाती येताच तोच डोस अंगावर येतो, म्हणून ही चूक मला अधिक फसवी वाटते. केसपेपरवर युनिटसाठी लिहिलेला इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो (डॉक्टरांचे अक्षर सर्वांना ठाऊक आहेच), तेव्हा ‘युनिट’ पूर्ण लिहावे.