इट्स ओके मॅडम

आज सकाळपासून एका मेसेजवर अडकलेय. शाळेच्या वेबसाईटची दोन पानं द्यायची राहिलीत, भाजी चिरून तशीच पडलीय, आणि मी दर थोड्या वेळाने फोन उघडून तेच वाचतेय. 'इट्स ओके मॅडम, नो इश्यूज.' एवढंच. ज्या कंपनीला भाषांतर करून दिलं, तिथल्या अकाउंट्समधल्या मुलीने पाठवलंय. बोलायला गोड आहे ती, तिच्यावर राग नाहीच.

पण त्याच्या वर माझा मेसेज आहे ना. 'सॉरी हं, परत त्रास देतेय, १२ मेच्या इन्व्हॉइसचं काही कळेल का, जमलं तर या आठवड्यात बघाल का.' म्हणजे मी माझेच पैसे मागितले, मागितले म्हणून माफी मागितली, आणि तिने मला माफ केलं. हे लक्षात यायला दुपार झाली, आणि आल्यापासून घशात काहीतरी अडकल्यासारखं झालंय.

आज २१ जुलै. सत्तर दिवस.

फवारणी पंपाची माहितीपुस्तिका होती. इंग्रजीतून मराठी, ६,२०० शब्द, दोन रुपयांनी १२,४००, दहा टक्के टीडीएस, म्हणजे कंपनी आधीच कापून घेते तो कर, जाऊन ११,१६०. पेरणीच्या आधी दुकानांत पोचायला हवी म्हणून चार दिवसांत मागितली होती, दिली. नोझलला कुणीतरी आधीच मराठीत 'तुषारमुख' करून ठेवलं होतं, मी बार्शीला मामाला फोन लावला तर तो म्हणाला अगं नोझलच म्हण, दुकानात जाऊन तुषारमुख मागितलं तर काय देतील मला. मग सगळीकडे नोझल केलं. औषध किती, पाणी किती, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नका, हातमोजे घाला, हे चार चार वेळा वाचलं, कारण तिथे एक आकडा चुकला तर तो कुणाच्या तरी अंगावर येतो. मध्येच त्यांचं सुरू झालं की शब्द मराठीतले मोजू. मराठीत 'घरासमोर' हा एकच शब्द होतो, इंग्रजीत त्यालाच पाच लागतात, म्हणजे तेवढ्याच कामाचे पैसे कमी. तेव्हा मात्र मी अडून बसले, मोजायचे तर मूळचेच मोजा म्हटलं, आणि त्यांनी ऐकलं. भाव करताना मला लाज वाटली नाही. काम झाल्यावर वाटते. हे असं उलटं का आहे?

मागच्या आठवड्यात मामाने कृषी सेवा केंद्रातून फोटो पाठवला. छापून आलीय पुस्तिका, काउंटरवर गठ्ठा ठेवलाय. पान उघडून माझं वाक्य दाखवत होता. खूप बरं वाटलं. तो फोटो बघूनच तर आठवण करून द्यायची हिंमत आली, नाहीतर अजून आठवडाभर 'प्रोसेसमध्ये आहे' वरच बसले असते.

नियम माहीत नाहीत असंही नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे माझी. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या, कायद्यात सरळ लिहिलंय, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करारात मुदत कितीही लिहा, ४५ दिवसांच्या पुढे ठेवता येत नाहीत, मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस, आणि उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. २०२३ मध्ये आयकर कायद्यात पण बदल झाला, मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. हे सगळं मीच एका सीएंसाठी सोप्या मराठीत लिहून दिलंय. लिहिताना हात कुठेही थांबला नव्हता. दुसऱ्याच्या हक्काबद्दल मी अगदी नीट लिहू शकते.

दादा म्हणतो नोकरी बघ. ते जाऊ दे.

त्या मेसेजमधलं 'जमलं तर' मला ओळखीचं वाटत होतं, कुठलं ते आत्ता चारच्या चहाला आठवलं. आई फॉल-पिको करायची तेव्हा साड्या पोचवायचं काम माझं. सहावी-सातवीत असेन. पिशवी हातात देताना ती दरवेळी सांगायची, पैसे मागू नकोस, दिले तर घे. मी दारात उभी राहायचे. काकू साडी उलगडून बघायच्या, छान झालीय म्हण आईला, म्हणायच्या, आणि मी अजून थोडा वेळ उभी. कधी लाडू मिळायचा. तो लाडू घेऊन परत येताना कसं वाटायचं ते मला अजून शब्दांत सांगता येत नाही, आणि मी शब्दांवर पोट भरते.

आज पहिल्यांदा आईला विचारलं, तू मागू का द्यायची नाहीस? मला वाटलं ती गप्प होईल, डोळ्यांत पाणी येईल. ती शेंगा सोलत होती, मान वरसुद्धा केली नाही. म्हणाली, "तू मागितले असतेस तर त्यांना तोंड लपवावं लागलं असतं, पुढची साडी दुसरीकडे गेली असती. लहान पोरीने कशाला मागायचे? मी मागायचेच की, हळदीकुंकवाला गेले की. कालनिर्णयवर सगळ्यांची नावं असायची, दिवाळीच्या आत एक पण बाकी ठेवली नाही."

म्हणजे ती मागत होती. इतकी वर्षं मला वाटत होतं आमच्या घरात कुणी मागतच नाही. तिचा तो हिशोब होता, आणि मी त्यातली फक्त दारात उभं राहायची वेळ घेऊन मोठी झाले.

तासभर नुसती बसले. मग भाजी फोडणीला टाकली, ती उकळेपर्यंत भिंतीवरचं कालनिर्णय काढून आजच्या चौकोनात ११,१६० लिहिलं. तिथे आधीच 'दूध दीड' लिहिलेलं होतं, त्याच्या खाली दाटीवाटीने बसवलं. लिहिल्यावर ती रक्कम दुधासारखीच वाटायला लागली, कुणाकडून तरी यायची आहे, बस. लगेच काही मी बदलणार नाहीये, पुढच्या बिलाला पण पहिला शब्द सॉरीच सुचेल, मला माहितीये.

मग अकाउंट्समधल्या मुलीला परत लिहिलं. 'नमस्कार. १२ मेचं इन्व्हॉइस, टीडीएस वजा जाऊन ११,१६० रुपये, आज ७० दिवस झाले. कोणत्या तारखेला जमा होतील ते आज कळवा, प्लीज.'

सॉरी दोनदा लिहिलं गेलं, दोनदा खोडलं. प्लीज राहू दिलं.