यरी माती

दुधातली फॅट मोजणाऱ्या मशीनचा आकडा चुकतोय हे मला पहिल्या दोन नमुन्यांतच कळलं. ते दारात उभ्या असलेल्या पंचवीस-तीस माणसांना कसं सांगायचं, हे मात्र कळेना.

सौंदत्ती तालुक्यातलं एक लहान गाव, संध्याकाळच्या दुधाची वेळ. बेळगावात दूध संकलन केंद्रांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मला लागून तेव्हा चारच महिने झाले होते. पूर्वेकडच्या तालुक्यांत नेहमी आमचे सर जायचे. ते तापानं पडले आणि मला एकटीला जावं लागलं.

मी खानापूरकडची. शाळा मराठी, पण कन्नड विषय सक्तीचा होता. अक्षरं लावता येतात, बसची पाटी वाचता येते. समोरचा भरभर बोलायला लागला की काहीच हाती लागत नाही. त्यात आमच्या घरात 1956 ची जखम अजून ओली आहे. मुंबई राज्यातला आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून तीन पिढ्यांचं बोलणं त्याच विषयावर येऊन थांबतं. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मी बाबांच्या खांद्यावर बसून गेलेली आहे. मराठीला तिचा हक्क मिळायला हवा, हे मी आजही मानते. सकाळी निघताना बाबा एवढंच म्हणाले, "तिकडं जातीयास, जपून जा. कुणी काय बोललं तर गप ऱ्हा."

गप राहून चालणार नव्हतं. म्हशीच्या दुधाला 6 फॅट लागायचा तिथे आठवडाभर 5 च्या आसपास लागत होता. प्रत्येक पॉइंटमागे पैसे कापले जात होते. माणसं चिडलेली होती, आणि त्यांचं चुकत नव्हतं. सेक्रेटरी एका बाजूनं बोलत होते, म्हातारे दुसऱ्या बाजूनं. मला फक्त "हालु" आणि "रोक्क" एवढे दोन शब्द कळले. दूध आणि पैसा.

कोपऱ्यात जुनं हातानं फिरवायचं सेंट्रीफ्यूज धूळ खात पडलं होतं. कपाटात ब्युटिरोमीटर म्हणजे रेघा आखलेल्या काचेच्या नळ्या, ॲसिड, सगळं होतं. मी पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि सगळ्यांसमोर गर्बर टेस्ट लावली, मशीनशिवाय फॅट मोजायची. 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर नळीच्या कडेनं हळूच 10.75 मिली दूध, मग 1 मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हाताला चटका बसावा इतकी तापते आणि दूध काळपट तपकिरी होतं. ते पाहून मागची पोरं पुढे घुसली. एका अण्णांनी न सांगता सेंट्रीफ्यूजची मूठ धरली आणि फिरवायला लागले. पाच मिनिटांनी नळी गरम पाण्यात ठेवून बाहेर काढली, कंदिलासारखी उंच धरली. वर पिवळ्या तुपकट रंगाचा स्वच्छ थर, खाली काळं पाणी. थराच्या रेघा मोजायला कुठलीच भाषा लागत नाही. 6.2. तेच दूध मशीननं 5.1 दाखवलं होतं.

"आरू!" कुणीतरी ओरडलं. सहा!

पुढचं काम सोपं होतं. मशीनच्या आतल्या नळीत दुधाचा थर बसला होता, रोजची धुलाई नीट होत नव्हती. आधी अल्कलीनं, मग ॲसिडनं, मग साध्या पाण्यानं धुऊन काढलं, गर्बरच्या आकड्याशी जुळवलं. आठवडाभर कापलेल्या पैशांचं काय, ते सेक्रेटरी आणि गावकरी बोलत राहिले. मी निघाले तेव्हा सात वाजले होते आणि पाऊस सुरू झाला होता.

मुख्य रस्ता तीन किलोमीटरवर, मधली वाट शेतातली. आमच्याकडची माती तांबडी. कितीही पाऊस पडो, पाणी निचरून जातं, गाडी जाते. इथली काळी माती मला ठाऊकच नव्हती. अर्ध्या वाटेत स्कूटीचं पुढचं चाक फिरायचं थांबलं. मी ॲक्सिलरेटर पिळत राहिले, मागचं चाक आणखी रुतत गेलं. मोबाइल मेलेला. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर मका, आणि अंधार उतरत होता. खरं सांगते, मला रडू आलं.

"याक निंतीयव्वा?"

डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक अज्जी, मागे तिची सून. "ननगे कन्नड बरोदिल्ला," मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. अज्जीनं ते ऐकलंसुद्धा नाही. भारा खाली टाकला, कमरेचं खुरपं काढलं आणि चिखलात बसली. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये काडीकचऱ्यासकट माती अशी घट्ट बसली होती की चाक नि मडगार्ड एकच झालं होतं. खुरप्यानं तिनं एक चकती उपटून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. भाकरीच्या पिठासारखी मळलेली, जड, आणि तिच्यावर टायरची नक्षी जशीच्या तशी उमटलेली. "यरी मण्णु," ती म्हणाली, लहान पोराला शिकवावं तसं. काळी माती. मग खुरप्याचं टोक मडगार्डवर आपटलं, "तगी."

काढ. हे मला कळलं. माझ्या पिशवीत 10 नंबरचा पाना होताच. सुनेनं पदर धरून माझ्या डोक्यावर आडोसा केला, मी चाचपडत नट सोडवले. मडगार्ड निघालं तसं चाक फिरलं. मग तिघींनी मिळून स्कूटी बांधावरच्या गवतातून त्यांच्या घरापर्यंत ढकलली. वैरण तशीच पडून राहिली, ती नंतर त्यांचा मुलगा आणायला गेला.

सुनेनं मला तिचं कोरडं लुगडं दिलं. चुलीपुढे जोंधळ्याची भाकरी, शेंगाची चटणी, दही. मी दोन भाकरींवर हात आडवा केला की अज्जी तिसरी टाकायची.

जेवण झाल्यावर मुलानं आपला फोन पुढे केला. घरी सगळे काळजीत होते. मी कुठे आहे ते सांगते न सांगते तोच अज्जीनं फोन ओढून घेतला आणि मोठ्यानं काहीतरी बोलायला लागली. मी म्हटलं, बाबांना कळणार नाही. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, अडखळत, पण स्पष्ट, "नम्म मगळरी. एकटीच अदाळ. नोडकोळ्री."

आमची मुलगी आहे. एकटी आहे. सांभाळा.

बाबांच्या तोंडून जन्मात मी कन्नड ऐकलं नव्हतं. घरात कन्नड वाहिनी लागली तरी ते उठून बाहेर जायचे.

सकाळी पैसे देऊ केले तर अज्जीनं "ब्याड" म्हणून माझी मूठ मिटली आणि पिशवीत शेंगा ओतल्या. वाटेत नविलतीर्थाजवळ धरणाचं पाणी दिसलं. मलप्रभेचं पाणी. आमच्या कणकुंबीला उगम पावते ती.

संध्याकाळी बाबा अंगणात मडगार्ड बसवत होते. वाळलेली काळी माती दगडासारखी झालेली, ते स्क्रू ड्रायव्हरनं टोकरत होते. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कन्नड येतं?"

बराच वेळ ते टोकरतच राहिले.

"लग्नाआधी हुबळीला वखारीत होतो दोन वर्षं," ते म्हणाले. "एक अव्वा होती. महिना भरला तरी पैसे मागायची नाही, ताट वाढायची." मग पाना माझ्याकडे मागितला आणि म्हणाले, "पुन्हा तिकडं जाशील तेव्हा मला सांग. मी येतो."