शह, चेक आणि मुलुंडचा नाका

आमच्या सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी बुद्धिबळाचा डाव पडतो. एका बाजूला तळमजल्यावरचे आबा, समोर त्यांचा नातू. आबा घोडा उचलून ठेवतात आणि खर्जात म्हणतात, "शह!" नातू राजा हलवतो, दोन चाली गप्प बसतो, मग वजीर सरकवून ओरडतो, "चेक!" आबांना हे 'चेक' खटकतं. खेळ आपला, मग त्यात इंग्रजी कशाला, ही त्यांची नेहमीची तक्रार. त्यावर परवा नातवानं ऐकवलं, "आबा, शह तरी कुठे मराठी आहे?" पोरगं बोललं ते खरंच होतं. त्याला आणि आबांना एवढंच ठाऊक नव्हतं की दोघंही एकच शब्द उच्चारत होते.

चतुरंग हा खेळ आपल्याकडून इराणात गेला, तिथे त्याचा चत्रंग झाला आणि अरबांच्या तोंडी शतरंज. राजावर चाल करून जाताना प्रतिस्पर्ध्याला सावध करायची रीत होती. फारसीत राजा म्हणजे शाह, म्हणून इशारा देताना नुसतं "शाह!" म्हणायचे. 'राजेसाहेब, सांभाळा' इतकाच त्याचा अर्थ. अरबांबरोबर खेळ स्पेन-इटलीत पोचला. लॅटिन लिहिणाऱ्यांना तो 'शाह' काही पेलवला नाही, त्यांनी त्याचा 'स्काकुस' केला. फ्रेंचांनी त्याचा 'एशेक' केला आणि इंग्रजांनी पुढचा 'ए' गाळून 'चेक'. त्याच एशेकचं अनेकवचन घासून घासून 'चेस' झालं. म्हणजे इंग्रजीत या खेळाचं नाव धडधडीत 'राजे' असं आहे! प्याद्यांना, हत्तींना नावात जागाच नाही. आपला 'बुद्धिबळ' हा शब्द त्यापेक्षा मला कधीही सरस वाटतो.

'चेकमेट'मधला 'मेट' म्हणजेही मित्र वगैरे नव्हे. तो 'शाह मात', राजा हतबल झाला. ही 'मात' तर आपण दिवसातून दहादा वापरतो. आजारावर मात, महागाईवर मात, दहावीच्या निकालात परिस्थितीवर मात. वर्तमानपत्रातून ही मात काढून टाकली तर निकालाच्या दिवसांतले निम्मे मथळे रिकामे पडतील. राजकारणाची पानं तर शह-काटशहावरच चालतात.

आणि खोदायचंच म्हटलं तर हा शाहसुद्धा सर्वस्वी परका नाही. त्याचं जुन्या फारसीतलं रूप ज्या मुळातून आलं, त्याच मुळातून संस्कृतातलं 'क्षत्र' आणि 'क्षत्रिय' आले. नाशिकच्या लेण्यांत ज्याच्या जावयाचे शिलालेख आहेत तो नहपान राजा 'क्षत्रप' (मूळ अर्थ सुभेदार) होता, तोही त्याच घराण्यातला शब्द. आता जिल्ह्याजिल्ह्यातल्या पुढाऱ्यांना पत्रकार क्षत्रप म्हणतात. त्यांना शह बसला अशी बातमी येते, तेव्हा एकाच वाक्यात दोन चुलतभाऊ अनेक शतकांनी भेटतात आणि एकमेकांना ओळख देत नाहीत. मात्र गुजराती शहा मंडळींना यात ओढू नये. त्यांचं आडनाव बहुधा 'साधू'वरून, 'साहू', 'साह' असं घरंगळत आलेलं. आपला सावकारही त्यांच्याच बाजूचा.

असो. इंग्रजांच्या हाती लागल्यावर शब्द पटावर थोडाच थांबणार! राजाला शह बसला की बाकी सगळे बेत बाजूला ठेवून आधी तो सोडवावा लागतो. त्यावरून चौदाव्या शतकात 'चेक'ला अडवणे, रोखणे, लगाम घालणे असे अर्थ चिकटले. आइस हॉकीत खेळाडू एकमेकांना धडका देऊन आडवे करतात, त्याला आजही चेकच म्हणतात. 'तपासणे' हा अर्थ त्यामानानं अगदी अलीकडचा, सतराव्या शतकातला. पण घरात शेवटी आलेल्या सुनेनं किल्ल्या कमरेला लावाव्यात तसं त्यानं बाकी सगळ्या अर्थांना मागे सारलं. आज "चेक कर" म्हटलं की आपण मोबाईल बघतो, गॅस बघतो, भात बघतो. राजा कुणाच्या ध्यानीमनीही नसतो.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र पटाची आहे. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एशेकिए' म्हणत. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा जमाखर्च जिथे बघितला जायचा, तिथे एक मोठं मेज होतं, साधारण दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. वर ठेवलेलं काही घरंगळू नये म्हणून त्याला चार बोटं उंचीचा कठडा. त्यावर काळं कापड अंथरलेलं आणि त्या कापडावर वीतभर अंतरानं रेघा. हे सगळं तपशीलवार लिहून ठेवलंय रिचर्ड फिट्झनील या माणसानं. तो दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार होता आणि ११७०च्या दशकात त्यानं गुरुशिष्यसंवादाच्या रूपात या खात्याची पोथीच रचली. जगातल्या कुठल्या खजिनदारानं आपल्या कचेरीवर इतक्या प्रेमानं लिहिलं असेल, देव जाणे.

आकडेमोड रोमन अंकांत, शून्याचा पत्ता नाही. तशात बेरीज-वजाबाकी करायची तर हातात काहीतरी घेऊनच करावी लागायची. म्हणून त्या रेघांमध्ये पेन्सचा रकाना, शिलिंगांचा, पौंडांचा, मग विसांचा, शंभरांचा, हजारांचा असे रकाने मानलेले. त्यांत सोंगट्या मांडायच्या. वरच्या ओळीत किती यायला हवे होते, खालच्या ओळीत किती आले. समोर बसलेला शेरीफ, म्हणजे आपल्याकडचा मामलेदार समजा, बहुतेकदा निरक्षरच. पण सोंगट्या त्यालाही मोजता येत. आपल्या गळ्यापर्यंत किती आलंय हे त्याला डोळ्यांनी दिसे.

फिट्झनीलच्या पोथीतला शिष्य विचारतो, याला पट का म्हणतात? गुरू आधी म्हणतो, दिसतो तसा म्हणून. मग म्हणतो, यात आणखीही काही आहे: पटावर दोन राजांची लढाई होते, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची होते, आणि बाकीचे सगळे पंच म्हणून बसलेले असतात. पुढे त्या मेजावरून अख्ख्या खात्यालाच 'एक्स्चेकर' नाव पडलं. आजही ब्रिटनचा अर्थमंत्री 'चान्सेलर ऑफ द एक्स्चेकर'च म्हणवतो. म्हणजे मराठीत सरळ सांगायचं तर पटमंत्री.

या खात्यात पावती म्हणून हेझेलच्या लाकडाची काठी मिळायची. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याच्या, विसाला करंगळीच्या. मग काठी उभी चिरून एक भाग खात्याकडे, एक पैसे भरणाऱ्याकडे. दोन्ही जुळले की हिशेब खरा. हा प्रकार १८२६ पर्यंत चालला! नंतर उरलेल्या काठ्यांचं करायचं काय, असा प्रश्न पडला. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी दोन गाड्या भरून काठ्या लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत कोंबल्या आणि रात्रीपर्यंत संसदेच्या दोन्ही सभागृहांची राख झाली. जुनी कागदपत्रं नष्ट करण्याची सरकारी रीत सगळीकडे सारखीच म्हणायची.

आता त्या चिरलेल्या काठीवरून माझ्या पोटापाण्याच्या विषयाकडे येते. माझी नोकरीची बहुतेक वर्षं बँकेत चेक पास करण्यात गेली. चेकबुकात डाव्या बाजूला जो अर्धा तुकडा मागे राहतो, ज्यावर लोक कधीच काही लिहीत नाहीत आणि मग महिन्याअखेरी "दोन हजार कुणाला दिले हो?" असं आम्हालाच विचारतात, तो काउंटरफॉईल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात मूळचा 'चेक' तोच होता. खोटेपणाला आळा बसावा म्हणून मागे ठेवलेला पुरावा. पुढे नाव सरकून फाडून दिलेल्या तुकड्याला गेलं. एक्स्चेकरच्या रुबाबामुळे इंग्रजांनी त्याचं स्पेलिंगही नटवलं, शेवटी क्यूयूई लावली. अमेरिकनांनी तो थाट नाकारून साधं सीके ठेवलं, आणि वर खानावळीतलं बिल मागतानाही ते "चेक" म्हणू लागले.

आपल्याकडे सरकारी मराठीनं 'धनादेश' असा भारदस्त शब्द घडवला. पत्रात लिहायला तो बरा आहे. काउंटरवर मात्र "माझा धनादेश जमा झाला का" असं विचारणारा माणूस मी पाहिला नाही. पण पैसे मिळाले का हे विचारताना लोक "चेक वटला का?" म्हणत, आणि या 'वटणे'वर माझा जीव आहे. हे क्रियापद हुंड्यांच्या, म्हणजे पैसे द्यायला सांगणाऱ्या सावकारी चिठ्ठ्यांच्या, पेढीवरचं. हुंडी वटायची, म्हणजे तिचे पैसे हातात पडायचे; वटवणाऱ्याला त्यासाठी वटाव, म्हणजे कसर, द्यावा लागायचा. पेढ्या गेल्या, हुंडी गेली, क्रियापद मागे राहिलं आणि विलायती कागदाला येऊन चिकटलं. आता पोरं 'क्लिअर झाला' म्हणतात, आणि न वटलेला चेक सरसकट 'बाउन्स' होतो. त्याचा कायदा जुना, १८८१ सालचा. पण खात्यात पैसे नसताना चेक देणं हा गुन्हा ठरला तो १ एप्रिल १९८९ पासून. त्या एका कलमानं किती कोर्टांची कपाटं भरली असतील!

चेक हातात आला की आधी तारीख बघायची. मग अक्षरी आणि आकडी रक्कम. अक्षरी रकमेपुढे 'फक्त' आहे ना? पन्नास हजार रुपयांपुढेही फक्तच लिहायचं, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा आहेत का? मग जांभळ्या दिव्याखाली कागद धरायचा. रसायनानं काही पुसलं असेल तर तिथे डाग दिसतो. सर्वांत शेवटी सही. नमुन्याच्या कार्डावरची सही समोर ठेवायची आणि वळणं बघायची. एक निवृत्त मास्तर दर महिन्याला पेन्शन काढायला यायचे. हात थरथरू लागला तशी सही कार्डाशी जुळेना. मी म्हटलं, "सर, नवीन नमुना द्यावा लागेल." मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मी स्वतः इथे उभा आहे, आणि तुम्ही त्या कार्डाला विचारताय?" बँकेत असताना मला याचं उत्तर सुचलं नाही. निवृत्त झाल्यावरही सुचलेलं नाही. नमुना मात्र मी घेतला.

कापडाचे चेक्स त्याच पटावरून आले, चौकोनामागे चौकोन. त्यात फार काही सांगण्यासारखं नाही. आपल्याकडे चौकड्याचं लुगडं होतंच, इरकलीत अजून दिसतं, त्यासाठी इराणच्या राजाची गरज कधी पडली नाही. फक्त दुकानदार हल्ली "ताई, चेक्समध्ये दाखवू का?" असं विचारतात, आणि मी चौकडा म्हटलं की पोऱ्या गोंधळून मालकाकडे बघतो. फरशीचं मात्र गमतीचं आहे. जुन्या घरांत चौकोनाला चौकोन लावून जी काळसर फरशी असायची ती शहाबादी. शहाबाद म्हणजे पुन्हा शाहाचंच गाव. पट पायाखाली आणि राजा त्याच्या नावात! लहानपणी आम्ही त्याच चौकोनांवर लंगडी घालायचो.

बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धांत तर आता कुणी 'चेक' म्हणतही नाही. नियमात तसं बंधन नाही, उलट समोरच्याचं लक्ष विचलित होतं म्हणून गप्प बसणंच शिष्टाचाराला धरून. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, समोर कोनेरू हंपी होती. दोघीजणी तासन्‌तास शह देत-घेत राहिल्या आणि तोंडातून अवाक्षर नाही. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग मजा काय?"

उरला चेकनाका. मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात घ्यायला महापालिकेनं वेशीवर नाके उभारले होते, त्यातला मुलुंडचा आमच्या घराजवळचा. ट्रकांची रांग, हातात पावत्या घेऊन पळणारे क्लीनर, आणि तपासनिसाची ती वरपासून खालपर्यंत फिरणारी नजर. शेरीफाचं काळं मेज इथे रस्त्यावर मांडलेलं होतं, एवढाच काय तो फरक. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. आता जकातीसाठी तिथे कुणी कुणाला अडवत नाही. तरीही ठाण्याकडून येणारा रिक्षावाला "चेकनाका, चेकनाका" असंच ओरडतो. मागच्या आठवड्यात माझ्या शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीनं त्याला विचारलं, "दादा, इथे चेक काय करतात?" तो म्हणाला, "सुट्टे आहेत का ते."